पहिला पोर्ट वापरायचा नाही

१२ डिसेंबर ९८, शनिवार. सांगली

सकाळी परत तेच. घरात लाइट होती. देवघरातला बल्ब चालू, शेजारी रेडिओ चालू, आणि मशिन, म्हणजे कॉम्प्युटर, आपलं आपण थांबून बसलेलं. पडद्यावर शेवटची ओळ माझीच, रोमन अक्षरांत का होईना पण मराठी: लाइट गेली, दोन मिनिटांत बंद करतो.

कुठं गेली होती लाइट?

यूपीएस मी बांधलेला. आतला ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळलेला. केबल मी झाळलेली. राखणदारही माझाच, म्हणजे लिनक्सवर बसून यूपीएसकडं कान लावणारा माझा छोटा प्रोग्राम. लाइट गेली की यूपीएस केबलमधनं त्याला कळवतो. तो दोन मिनिटं वाट बघतो, फायली नीट मिटवतो, मशिन थांबवतो. सगळंच माझं. दोष द्यायला बाहेरचं कुणी नाही.

सुमनला प्लग ओढायला बोलावलं. तिनं ओढला, "झालं? आमटी लागेल माझी," म्हणाली आणि गेली. चूक नाही तिची. पण अक्का, माझी थोरली बहीण, थांबायची.

१३ डिसेंबर, रविवार

केबल सोडवून मीटरवर धरली. प्रत्येक तार वेगळी. वाकवून, पिळून, ओढून. केबल ठणठणीत.

चाचणी घेताना जीभ सवयीनं वळते. "ओढ." मागं कुणी नाही.

अक्का भिंतीजवळ पाट टाकून बसायची, प्लगवर हात.

"वढू का?"

"ओढ."

"वढला. काय म्हनतंय?"

"बरोबर म्हणतंय."

"शानं हाय."

मी नादारीत शिकत होतो तेव्हा मला म्हणायची, त्याच आवाजात. माझी पहिली झाळायची सळई तिच्या शेगडीत तापायची. भाकरी एका बाजूला सारून ती सळईला जागा करून द्यायची. या कामाला वर्ग नाही, मास्तर नाही, सर्टिफिकेट नाही. जुन्या बाजारातली पुस्तकं आणि तिची शेगडी.

दिवाळी झाल्यावर अक्का गेली. तापाचं निमित्त.

१६ डिसेंबर, बुधवार

यूपीएस उघडला. रिले, म्हणजे लाइट गेली की आपोआप जोडणारा खटका, काढून वेगळा तपासला. टकटक चोख. लाइट असताना उघडा, गेल्यावर बंद.

मगदूमच्या दुकानात गेलो नवीन रिले आणायला, उगाच शंका नको म्हणून. मगदूम पार्ट विकतो आणि सल्ला फुकट देतो. "वसंतराव, अजून त्या नऊ पिनांत काय अडकून पडलाय? यूएसबी घ्या की आता. नव्या बोर्डावर दोन भोकं आयती येतात."

माझ्या बोर्डावरही आहेत. माझं लिनक्स त्यांच्याशी अजून बोलत नाही, आणि बोललं तरी त्या तारेतनं काय चाललंय ते मला मीटरवर दिसणार नाही. नऊ पिनांत प्रत्येक तार आपलं काम सांगते. सातवीवर कायम व्होल्टेज. लाइट गेली की रिले सातवी आठवीला जोडतो. आठवीवर व्होल्टेज दिसलं की राखणदार समजतो. बस.

म्हणालो, "जे मीटरवर दिसत नाही ते मी गिऱ्हाइकाला देत नाही."

"मग तुमचा फॉल्ट दिसला का मीटरवर?"

रिले घेऊन आलो. बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. (हे १७ ला लिहितोय.)

२० डिसेंबर, रविवार

संपत आला रहिमतपूरहून. अक्काचा पुतण्या, थोरल्या दिराचा मुलगा. तिकडच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी आहे आता. हे मशिन त्यांच्यासाठीच. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला रांग लागते आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. नोंदी अर्ध्यात तुटतात, मग भांडणं.

"मामा, झालं का न्हाई वो?"

"एक बारीक खोड राहिलीय."

"बारीकच हाय न्हवं? मग द्या की. आमी चालवून घेऊ."

"मी चालवून घेत नाही."

हसला. "काकू म्हनायची, माझा भाऊ लय किरकिऱ्या हाय." अग्नी त्यानंच दिला होता तिला. मी शेजारी उभा. नियमानं ती त्यांची.

सव्वीस जानेवारीला संस्थेची नवी खोली सुरू करायचीय. त्याच्या आत मशिन तिथं पाहिजे. शब्द दिला.

त्याला चहा देताना सुमन म्हणाली, "आईंची तब्येत कशी आहे?" तो म्हणाला, "आबा गेल्यापासनं बसूनच असत्यात. बोलत न्हाईत फारसं." आबा म्हणजे त्याचे वडील.

श्रावणात ही ऑर्डर आली तेव्हा अक्कानं एकदाच विचारलं होतं. "तिकडं जानार व्हय हे?" मी म्हणालो, हो. ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.

२७ डिसेंबर, रविवार

राखणदाराला प्रत्येक हालचाल लिहून ठेवायला लावलं होतं. आज सगळं वाचून काढलं.

दुपारी एकही खोटी हाक नाही. संध्याकाळी नाही. सगळ्या पहाटेपासनं सकाळपर्यंत. उन्हं खोलीत आली की शहाणा होतो.

पहाटे व्होल्टेज पडतं का? पाण्याच्या मोटारी चालू होतात तेव्हा? मीटर लावून बसलो. नाही. गारठ्यानं रिले चिकटतो का? नवा आहे.

शेवटी केबलच काढून टाकली. पोर्ट मोकळा, यूपीएसशी काही संबंध नाही. तरी सकाळी मशिन म्हणतं, लाइट गेली.

म्हणजे यूपीएस सुटला, केबल सुटली. खोड मशिनच्या आत. एवढं कळायला इतके दिवस लागले, हे मगदूमला सांगायचं नाही.

३ जानेवारी ९९, रविवार

झाकण काढलं. पोर्टची चिप भिंगाखाली बघितली. झाळ सगळी स्वच्छ, कुठं केसभर तडा नाही, काळं नाही. प्रोग्राम पहिल्या ओळीपासनं परत वाचला. एक स्वल्पविराम जास्तीचा सापडला, तोही टिपणात, जिथं मशिन वाचतच नाही.

नवरात्रात सगळं चोख होतं. ते मला पक्कं आठवतं, कारण शेवटची चाचणी अक्काबरोबर केली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. तिनं प्लग ओढला, राखणदार थांबला, मिटवलं, बंद. परत ओढला, परत बरोबर. मी म्हणालो, "झालं. आता हे आपलं आपण बघतं."

"म्हंजे मी वरडायला नगं आता."

"नको."

"माझी नोकरी गेली म्हन की."

हसली. मीही हसलो.

लाइट गेली की ती सोप्यातनं ओरडायची, "गेली रं वसंता!" मी समोरच अंधारात बसलेला असलो तरी. मला दिसतंय की गं, म्हणायचो. तरी ओरडायची. मग मी धावत जाऊन फायली मिटवायचो. किती वर्षं हीच पद्धत आमची.

तिच्या हाकेची जागा घ्यायला मी केबल बांधली. तशीच आहे ती गोष्ट. दुसऱ्या कुठल्या शब्दांत लिहिता येत नाही.

१० जानेवारी, रविवार

दुसऱ्या पोर्टला केबल लावली. आठवडाभर झाला, पहाटेसुद्धा एक चूक नाही.

म्हणजे पहिल्या पोर्टची चिप गेली. बघून कळत नाही, पण गेली. दुसरा कायमचा वापरता येत नाही, तिथं दुधाचा काटा जोडायचाय. दोन्ही पाहिजेत.

उपाय: वेगळं कार्ड बसवणं, जादा पोर्टचं. म्हणजे मशिनमध्ये एक मेलेला पोर्ट ठेवून वर कुबडी. रेडिओ दुरुस्त करायचो तेव्हापासनं माझ्या हातनं असं काम बाहेर गेलेलं नाही. सुमन म्हणाली, "तुम्हाला चिपचं वाईट वाटतंय का दुसरं काही?"

जेवायला उशीर झाला होता म्हणून विचारलं असेल.

१४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत

यंदा करायचं की नाही यावर घरात चर्चा नव्हती. भटजींनी नोव्हेंबरातच सांगितलं होतं, अक्का सासरच्या घराण्याच्या, तुम्हाला वर्ष पाळायचं कारण नाही. सुमनचा जीव होत नव्हता. पण गल्लीतल्या बायका यायच्या त्या आल्याच. तिनं तिळगूळ, हळदकुंकू, एवढंच केलं.

मी मागच्या खोलीत मशिनपाशी. पुढून बांगड्या, हसणं. दर वर्षी हळदकुंकवाला अक्का इथं माझ्याजवळ येऊन बसायची. बायकांची लहान पोरं इकडं घेऊन यायची, त्यांना बटणं दाबू द्यायची. मी ओरडायचो. ती म्हणायची, "दाबू दे रं, मोडलं तर तू हाईस की."

मला वाटायचं तिला पोरं आवडतात म्हणून येते.

आज खोलीत कुणी नाही आलं.

१८ जानेवारी, सोमवार

मगदूमकडं कार्ड नाही. साताऱ्यात मिळेल म्हणाला, म्हणून सकाळच्या एस.टी.नं साताऱ्याला. मिळालं. दुकानदार पॅन्टशर्टातला, बोलायला गोड. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, पिना पुसून बघितल्या का आधी? कधीकधी नुसती धूळ असते."

काका. मी त्याला चिपचा नंबर सांगितला, आठव्या पिनेवर किती व्होल्टला राखणदार हलतो ते सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि कार्ड बांधून दिलं.

धूळ म्हणे.

परतीला रहिमतपूरकडं जाणारा फाटा लागला. गाडी थांबली, दोघं उतरले. याच फाट्यावर मी वडिलांबरोबर उभा होतो, अक्काची ट्रंक घेऊन. मी हाफपॅन्टमध्ये. ती तेव्हा माझ्या मुलीच्या आत्ताच्या वयाहून लहान. दाजी जाऊन थोडेच महिने झाले होते.

का आणलं तिला परत, ते मला कुणी सांगितलं नाही. कितीतरी वर्षांनी तिनं एकदाच सांगितलं. भाकरी थापता थापता, जणू दुसऱ्या कुणाचं. नवरात्रात घट बसत होते. दरवर्षी कुंकवाचा करंडा भरून द्यायचं काम तिचं. सवयीनं हात गेला. थोरल्या जावेनं, म्हणजे संपतच्या आईनं, तिच्या हातातनं करंडा काढून घेतला. "बोलल्या काय न्हाईत. हळूच घेतला. लय हळूच." आणि मग भाकरी उलटली.

तिथं परत गेली नाही. तेरवीला नाही, लग्नाला नाही. संपत इकडं यायचा, लहान असल्यापासनं. त्याला ती कडेवर घेऊन फिरलेली.

१९ जानेवारी, मंगळवार

कार्ड बसवायचं तर मागची पट्टी काढावी लागते. म्हणून मशिन भिंतीपासनं ओढलं आणि पाठ दाराकडं केली, उजेडाला. मशिन आल्यापासनं पहिल्यांदाच. त्याची पाठ कायम भिंतीला असते. केबली मी मागं हात घालून, न बघता लावतो. नऊ पिना बोटाला कळतात मला. त्याचा अभिमान होता.

पहिल्या पोर्टच्या वर पत्र्यावर बोटभर लाल ठिपका.

मी भिंग आणलं. पोर्टच्या आत, सातव्या आणि आठव्या पिनेच्या बुडाशी, लाल वाळलेलं. कडेला तांदळाची कणी एक.

कुंकू आहे.

खंडेनवमीला मशिन पुढं ओढून ठेवलं होतं, केबली सोडून. सुमननं पुढच्या बाजूला पूजा केली. हळद, कुंकू, झेंडू. सळई, मीटर, पक्कड सगळं मांडलेलं. अक्का नेहमीसारखी दारात उभी होती. मग मी बाहेर गेलो होतो थोडा वेळ, आपट्याची पानं बघायला. आल्यावर मशिन ढकललं मागं. केबल लावली. न बघता.

कार्ड बसवलं नाही आज.

२० जानेवारी, बुधवार

सुमनला दाखवलं. ती वाकली, बघितलं, सरळ झाली. पदराला हात पुसले.

"मी करंडा पाटावर ठेवून नैवेद्याचं बघायला आत गेले होते. आले तर झाकण उलटं. मला वाटलं मांजर."

मग म्हणाली, "नाही. मांजर नव्हतं वाटलं. कळलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पुसावं लागलं असतं."

बावीस वर्षं संसार करतोय हिच्याबरोबर. ही काय काय न बोलता ठेवते मला माहीत नाही.

जाताना दारातनं म्हणाली, "तुम्ही तरी कधी म्हणालात का त्यांना, अक्का तू लाव म्हणून. मी तरी कुठं म्हणाले."

२१ जानेवारी, गुरुवार

काम म्हणून केलं. मीटरची टोकं सातवीवर आणि आठवीवर. दुपार, ऊन. काटा हलत नाही, जणू मध्ये काही नाहीच. मग जवळ तोंड नेऊन श्वास सोडला. काटा सरकला. परत सोडला. आणखी सरकला. वाळलं की मागं.

नदीवरचं धुकं, पहाटेचा दमटपणा. ओलावा धरला की कुंकू सातवीचं व्होल्टेज आठवीला पोचवतं. कुंकवात चुना-खार असतो, त्याला ओल लागते. उन्हं आली की सुकतं. सगळं जुळलं. इतक्या दिवसांतली एकही खूण न जुळलेली राहिली नाही.

मशिन चालू करून बघितलं. केबल नाही, काही नाही. वाकून पोर्टवर श्वास सोडला.

पडद्यावर आलं: लाइट गेली.

बंद केलं. तसाच बसलो.

सातारचा तो म्हणाला होता, पिना पुसून बघितल्या का. त्याचं बरोबर होतं. स्पिरिट, जुना दात घासायचा ब्रश, चहा उकळतो तेवढ्यात होणारं काम. चिप नीट आहे. पोर्ट नीट आहे. कार्ड परत करता येईल. मशिन जसं मी देतो तसं जाईल, निर्दोष.

स्पिरिटची बाटली टेबलावर आहे. बूच काढलेलं नाही.

२२ जानेवारी, शुक्रवार

संपतचा फोन. सोमवारी जीप घेऊन येतो म्हणाला. "आई विचारत हुत्या, काकूच्या भावानं केलंय न्हवं ते? म्हनलं व्हय. म्हनल्या, बघायला येनार."

तिला कशाला बघायचंय?

मनात आलं ते लिहितो. पुसून टाकावं सगळं. तिनं इतक्या चोरून जे लावलं ते त्याच गावात पाठवायचं, जिथं करंडा काढून घेतला? की मशिन इथंच ठेवून घ्यावं, त्यांना दुसरं बांधून द्यावं? सव्वीस तारखेला ते होत नाही. शब्द दिलाय.

पण हेही आहे. मशिन तिकडं जाणार हे अक्काला माहीत होतं. श्रावणापासनं माहीत होतं. नेमकं त्याच मशिनला. माझ्या सळईला नाही लावलं, मीटरला नाही लावलं. मी बघून आलो, प्रत्येक हत्यार उलटून. कशाच्याच मागं काही नाही.

काय होतं तिच्या मनात? विचारायला कोण आहे.

२३ जानेवारी, शनिवार

कार्ड बसवलं. जागेच्या नंबरांवरनं काट्याच्या पोर्टशी भांडत होतं, कार्डावरची बारीक टोपी, जंपर, बदलून मिटवलं. राखणदाराला नवा पत्ता दिला. सुमननं प्लग ओढला. आज ती थांबली. "काय म्हणतंय?" म्हणाली. म्हणालो, बरोबर म्हणतंय. अक्काचं पुढचं वाक्य तिला माहीत नाही, किंवा असेल, म्हणाली नाही.

पहिल्या पोर्टवर काळी चिकटपट्टी लावली. पट्टीचं टोक मी आत दुमडतो, पुढच्याला काढायला सोपं जावं म्हणून. कायम उजव्या बाजूला. पत्र्यावरचा ठिपका पट्टीखाली आला.

प्रत्येक कामाबरोबर मी कागद देतो, काय कुठं जोडायचं त्याचा. आज लिहिलं: पहिला पोर्ट खराब, वापरायचा नाही. बघत बसलो. खराब हा शब्द खोडला. कागद खाडाखोडीचा दिसायला लागला म्हणून परत नवा लिहिला. पहिला पोर्ट वापरायचा नाही.

कारण लिहायला जागा असते. कोरी ठेवली.

स्पिरिट कपाटात.

२६ जानेवारी, मंगळवार. रहिमतपूर

झेंडावंदन, मग खोली सुरू. मशिन काल रात्रीच जोडून ठेवलं होतं. दूध घालणाऱ्यांची दाटी. एक म्हातारा मला विचारतो, "ह्यो डबा फॅट खोटं दावनार न्हाई न्हवं?" म्हटलं, "तुम्ही पाणी घातलं तर दाखवेल." सगळे हसले. तो सोडून.

पूजा संपतच्या बायकोनं केली. हळदीकुंकवाचं बोट पडद्याच्या चौकटीला, काट्याला. मी आधीच सांगितलं होतं, भोकांपासनं लांब. तिनं नीट ऐकलं.

संपतची आई मागच्या भिंतीशी उभी. पांढऱ्या कपाळाची. मी तिला इतक्या वर्षांनी बघत होतो, ओळखली नसती. मनात जी होती ती उंच, ठसठशीत बाई होती. ही माझ्या खांद्याएवढी. संपतचे वडील गेल्यापासनं ही पण मागंच उभी राहते, असं दिसलं. सून करंडा घेऊन पुढं गेली तेव्हा हिनं लुगडं सावरून वाट दिली.

लोक पेढे घ्यायला बाहेर गेले तेव्हा जवळ आली. मशिनच्या मागं तारा बघायला वाकली.

"ही काळी पट्टी कशाची?"

सांगायचं नाही असं ठरवून आलो होतो. वायर तुटलीय म्हणणार होतो.

"आमच्या अक्कानं पूजा केलीय तिथं. खंडेनवमीला."

बाहेर संपत कुणालातरी हाका मारत होता.

"कुकवानं?"

"कुंकवानं."

तिनं पट्टीकडं बघितलं, माझ्याकडं नाही. पदर तोंडाला लावून गेली.

मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

संध्याकाळी संकलन चालू असताना खरंच लाइट गेली. अंधारात दोनचार जण एकदमच ओरडले, "गेली रं!" माझे हात आपोआप पुढं गेले. काही करायचं नव्हतं. दोन मिनिटं झाली, राखणदारानं मिटवलं, बंद केलं. एकही नोंद तुटली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संपत म्हणाला, "मामा, काकू पायजे हुती आज."

टेबल भिंतीला लावू का, म्हणून विचारत होता. म्हणालो राहू दे, हात जाईल एवढी जागा लागते मागं.

खोड सकाळची होती, म्हणून सकाळ बघितल्याशिवाय निघायचं नाही. मुक्काम संपतच्या सोप्यात. मशिनच्या खोलीची किल्ली तिथंच खुंटीला असते, कुणीही घ्यावी.

२७ जानेवारी, बुधवार. रहिमतपूर

धुकं दाट. हाताला पत्रा ओला लागत होता. याहून वाईट सकाळ चाचणीला मिळाली नसती. संपतच्या आधी गेलो. मशिन चालू केलं, रांग सुरू व्हायच्या आत बघावं म्हणून. एकही खोटी हाक नाही. कार्ड चोख.

केबली एकदा हातानं चाचपाव्या म्हणून मागं गेलो.

पट्टी होती. नीट दाबलेली, कडा बसवलेल्या. दुमडलेलं टोक डाव्या बाजूला.

परत बघितलं. डाव्या.

मी उजव्या बाजूला दुमडतो. कायम.

पट्टीखाली ठिपका आहे तसा असेल. किंवा कुणी पुसला असेल, ओल्या फडक्यानं, हळूच. किंवा आता दोन असतील. टोक आयतं वर आहे. एका बोटानं उघडेल. मी हात पुढं नेला होता.

बाहेर बादल्या वाजायला लागल्या. संपतची आई दाराशी आली, मला चहाला बोलवायला.

"या भाऊ. गार हुईल."

म्हणालो, आलोच. मीटर पिशवीत घातला.